मत द्यायचं कुणाला? राष्ट्रपतींची निवडणूक आणि पलीकडच्या पक्षाची मतं

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आजचा विषय जरा वेगळा आहे. मागे एका गावात बचत गटाची बैठक होती, आम्ही तिथे रेकॉर्डिंगला गेलो होतो. भिंतीवर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा फोटो होता. तो बघून एक ताई म्हणाल्या, "यांना निवडून कुणी दिलं? आम्हाला तर कुणी मतदानाला बोलावलं नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "आणि आमच्या आमदाराच्या पक्षाच्या विरोधातल्या त्या. मग त्याने मत कुणाला दिलं असेल?"

दोन्ही प्रश्न एकदम रास्त. आज त्यांचीच उत्तरं शोधू या. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला समोरच्या पक्षाची मतं खरंच मिळू शकतात का? आणि मिळतात ती कशामुळे?

आधी हे बघू, की मतदार कोण. गावात उपसरपंच कसा निवडतात, आठवा. तुम्ही आम्ही थेट त्याला मत देत नाही. आपण निवडून दिलेले सदस्य त्याची निवड करतात. राष्ट्रपतींचंही तसंच. आपण निवडून दिलेले आमदार आणि देशभरातले निवडून आलेले खासदार मिळून राष्ट्रपती निवडतात. ज्यांची सभागृहात नेमणूक झालेली असते, त्यांना हे मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही.

पण इथे प्रत्येकाचं मत सारख्या वजनाचं नसतं. राज्याची 1971 सालची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येने भागायचं आणि जो आकडा येईल त्याला पुन्हा हजाराने भागायचं. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या होती 5 कोटी 4 लाखांच्या वर आणि आमदार आहेत 288. हिशेब केला की एका आमदाराच्या मताचं मूल्य येतं 175. शेजारच्या गोव्यात ते 20 आहे, उत्तर प्रदेशात 208, सिक्कीममध्ये 7. लोकसंख्या जुनी का धरली? ज्या राज्यांनी कुटुंब लहान ठेवलं, त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून. खासदाराच्या मताचं मूल्य मात्र देशभर एकच असतं. 2022 साली ते 700 होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. विधानसभेत एखाद्या ठरावावर मतदान असलं की पक्ष आमदारांना आदेश काढतो. त्याला पक्षादेश किंवा व्हिप म्हणतात. तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असा आदेश काढता येत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा इथे लागू होत नाही. शिवाय मतदान गुप्त असतं. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. लिहायचं ते निवडणूक आयोगाने दिलेल्या पेननेच. घरून आणलेला पेन चालत नाही, नाहीतर शाईवरून मत कुणाचं ते ओळखता येईल. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र उलटं असतं. तिथे पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतींच्या वेळी तसं नाही. आत कुणाच्या नावापुढे 1 लिहिला, ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पलीकडची मतं मिळू शकतात, कायद्याने वाट मोकळी आहे. त्या वाटेने कोण जातं आणि का, हे बघायला चार निवडणुका आठवू या.

पहिली 1969 ची. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभं केलं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने पाठिंबा दिला तो आपल्या रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना. काँग्रेसमध्ये तेव्हा दोन गट पडले होते. पंतप्रधान इंदिरा गांधींना रेड्डी नको होते. त्यांनी आपल्या खासदार-आमदारांना सांगितलं, सदसद्विवेकबुद्धीला पटेल त्याला मत द्या.

यात पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. मग काय करतात, ते आपल्या गटाच्या हिशेबात समजून घेऊ. समजा गटात 20 बाया आहेत आणि अध्यक्षपदाला तिघी उभ्या आहेत. प्रत्येकीने चिठ्ठीवर पहिली पसंती, दुसरी पसंती लिहिली. मोजणीत एकीला 9, दुसरीला 7, तिसरीला 4. जिंकायला 11 लागतात, कुणाकडेच नाहीत. मग तिसरीला बाद करायचं आणि तिच्या 4 चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती कुणाची आहे ते बघायचं. समजा दोन इकडे गेल्या, दोन तिकडे. पहिलीचे झाले 11, ती जिंकली.

1969 ला अगदी असंच झालं. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य मिळालं. दुसरी पसंती मोजल्यावर देशमुखांकडची बरीचशी मतं रेड्डींकडे गेली, पण पुरली नाहीत. गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. गिरी जिंकले. काँग्रेसच्या उमेदवाराला काँग्रेसच्याच माणसांनी पाडलं होतं. काही महिन्यांतच पक्ष फुटला. इथे मतं फिरली ती पक्षाच्या आतल्या भांडणामुळे.

दुसरी निवडणूक 2002 ची. अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने डॉ. अब्दुल कलाम यांचं नाव पुढे केलं. समोरच्या बाकावरच्या काँग्रेसनेही त्यांना पाठिंबा दिला. डाव्या पक्षांनी आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं. कलामांना 9,22,884 आणि सहगल यांना 1,07,366 मतमूल्य मिळालं. कलाम कुठल्याच पक्षाचे नव्हते. त्यांना विरोध केला तर लोक काय म्हणतील, हा विचारही पक्षांना करावा लागतो.

तिसरी आपल्या घरची, 2007 ची. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या. 1962 साली, वयाच्या 27 व्या वर्षी त्या जळगावमधून आमदार झाल्या. पुढे मंत्री, खासदार, राजस्थानच्या राज्यपाल. काँग्रेस आघाडीने त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. समोर होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत. भाजप आणि मित्रपक्षांचा त्यांना पाठिंबा होता आणि शिवसेना तेव्हा भाजपची जुनी मित्र. तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर केलं की मराठी महिला राष्ट्रपती होत असेल, तर सेनेची मतं तिलाच. प्रतिभाताईंना 6,38,116 आणि शेखावतांना 3,31,306 मतमूल्य मिळालं. देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली.

पण हिशेब नीट करू या. सेनेच्या मतांमुळे त्या जिंकल्या का? नाही. दोघांमधलं अंतर तीन लाखांच्या वर होतं. महाराष्ट्राच्या सगळ्या 288 आमदारांची मतं एकत्र केली तरी मूल्य होतं 50,400. ती सगळीच्या सगळी पलीकडे गेली असती, तरी प्रतिभाताई जिंकल्याच असत्या. त्या मतांनी निकाल बदलला नाही, पण आपल्या माणसासाठी आघाडी बाजूला ठेवता येते, हे दिसलं. पुढे 2012 ला सेनेने पुन्हा काँग्रेसच्या प्रणव मुखर्जींना पाठिंबा दिला. त्या वेळी तर उमेदवार मराठी नव्हता. म्हणजे कारण दर वेळी एकच असतं असं नाही.

चौथी 2022 ची. भाजप आघाडीच्या द्रौपदी मुर्मू या ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावच्या, संथाल समाजातल्या. 1997 ला त्या रायरंगपूरमध्ये नगरसेविका झाल्या, तिथून पुढे आमदार, मंत्री आणि झारखंडच्या राज्यपाल. विरोधकांचे उमेदवार होते यशवंत सिन्हा. पण झारखंड मुक्ती मोर्चाने, म्हणजे काँग्रेससोबत सरकार चालवणाऱ्या पक्षाने, मुर्मूंना पाठिंबा दिला. आदिवासी महिला उभी असताना तो पक्ष विरोधात कसा जाणार? महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांनीही मुर्मूंनाच पाठिंबा जाहीर केला. पक्ष नुकताच फुटला होता, उरलेल्या खासदारांचं मन राखायचं होतं, असंही तेव्हा बोललं गेलं. हे सगळे पाठिंबे उघड होते. त्याशिवाय अनेक राज्यांत विरोधी आमदारांनी गुपचूप मुर्मूंना मतं दिली, हे मोजणीवरून कळलं. निकाल होता मुर्मू 6,76,803, सिन्हा 3,80,177.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. यशवंत सिन्हा कधीकाळी भाजपचेच होते, वाजपेयींच्या सरकारात अर्थमंत्री होते. सदसद्विवेकबुद्धीने मत द्या, असं आवाहन त्यांनीही केलं. मतं फिरली ती मात्र उलट्या दिशेने. नुसती जुनी ओळख आणि आवाहन पुरत नाही.

मग मैत्रिणींनो, या चार गोष्टींतून काय हाती लागलं? पलीकडची मतं दोन वाटांनी येतात. एक वाट उघडी: अख्खा पक्षच जाहीर करतो की आमची मतं त्या उमेदवाराला. दुसरी वाट गुपचूप: एकेकटा आमदार आत जाऊन वेगळा आकडा लिहितो. उघड्या वाटेने पक्ष जातो तेव्हा त्याला आपल्या मतदारांची काळजी असते. उमेदवार आपल्या भाषेचा, राज्याचा, समाजाचा असला तर विरोध करणं महाग पडतं. गुपचूप वाटेने जाणाऱ्याचं कारण कधी मनापासूनचं असतं, कधी रुसवा असतो, कधी पुढच्या फायद्याचा हिशेब. बाहेरून आपल्याला ते ओळखता येत नाही.

म्हणून त्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. तुमच्या आमदाराने मत कुणाला दिलं, हे कागदावर कधीच दिसणार नाही. पण त्याला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. त्याच्या मताला जे 175 चं वजन आहे, ते त्याच्या घरचं नाही. ते माणसांच्या मोजणीतून आलंय, आणि त्या माणसांत आपल्या आया-आज्या होत्या. सांगायचं की नाही, ते त्याने ठरवावं. प्रश्न मात्र आपला पोचला पाहिजे.

आणि एक गोष्ट आपल्याकडे बघून. जे गुप्त मतदान त्या आमदाराला आहे, तेच आपल्यालाही आहे. घरातून निघताना कुणी म्हणतं, अमक्यावर शिक्का मारून ये. कुणी म्हणतं, आपल्या भावकीचा माणूस आहे. ऐकून घ्यायचं. पण पडद्याआड बटण दाबणारं बोट आपलं असतं, आणि तिथे काय केलं हे विचारायचा हक्क नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, पुढाऱ्यालाही नाही.

पुढच्या बैठकीत एक खेळ करून बघा. गटाच्या सहलीसाठी तीन ठिकाणं ठरवा, प्रत्येकीला चिठ्ठीवर 1, 2, 3 अशी पसंती लिहायला लावा आणि आज सांगितल्याप्रमाणे मोजा. चिठ्ठी कुणाची ते बघायचं नाही. 2027 ला राष्ट्रपतींची निवडणूक पुन्हा होईल. तेव्हा रेडिओवर आकडे ऐकताना कुणी तुम्हाला समजावून सांगायची गरज पडणार नाही. तुम्हीच शेजारणीला सांगाल.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला कळवा.