इन्स्टॉल झालं नाही, पण अडलं कुठे?
आपली वेबसाइट : भाग ७

गेल्या भागात डोमेन होस्टिंगशी जोडलं आणि वर्डप्रेसची झिप सर्व्हरवर चढवून उघडली. 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' ही वर्डप्रेसची जुनी ख्याती आहे, आणि सगळं जुळून आलं तर तेवढाही वेळ लागत नाही. आजचा भाग ज्यांचं जुळलं नाही त्यांच्यासाठी.

अशा वेळी बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे करू नका. कचेरीत अर्ज अडकला की जाणता माणूस नवा अर्ज करत नाही, तो कुठल्या टेबलावर पडलाय ते आधी विचारतो. इथेही तेच विचारायचं. ब्राउझरमधून निघालेली मागणी आधी डीएनएसकडे जाते, तिथून वेब सर्व्हरकडे, मग पीएचपीकडे आणि शेवटी डेटाबेसकडे. पडद्यावर जे काही वाकडंतिकडं दिसतं, त्यावरून ती कुठवर पोहोचली हे जवळजवळ नेहमी कळतं. 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असा एरर आला, तर वाईट वाटून घेण्याआधी लक्षात घ्या की डीएनएस, वेब सर्व्हर आणि पीएचपी ही तिन्ही ठिकाणं पार झालीत.

सुरुवातीची टेबलं पटकन उरकू. होस्टिंगवाल्यांचं 'लवकरच येत आहे' छापाचं पान दिसत असेल, तर मूळ फोल्डरमध्ये त्यांनी ठेवलेली इंडेक्स.एचटीएमएल फाइल बघा. अनेक सर्व्हरवर तिला इंडेक्स.पीएचपीच्या आधी मान मिळतो. तिचं नाव बदला. साइट फक्त 'वर्डप्रेस' हे नाव पत्त्यापुढे जोडल्यावरच उघडत असेल, तर झिप उघडताना तयार झालेल्या त्या नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल एक पायरी वर आणायच्या राहिल्यात. पानाऐवजी पीएचपीचा कोडच दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली, तर त्या फोल्डरसाठी पीएचपी चालूच नाही. ते होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बघायचं.

पीएचपीच्या आवृत्तीकडे मात्र जरा थांबून पाहा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.६ ने किमान पीएचपी ७.२.२४ ची अट घातली. जुन्या होस्टिंग खात्यावर कधीकाळी निवडलेली आवृत्ती तशीच राहिलेली असते. उलटंही होतं. सर्व्हर नवा, पण कुणीतरी दिलेली थीम दहा वर्षांपूर्वीची. मायएसक्यूएलशी बोलण्याची जुनी फंक्शन्स २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून गेली आणि आणखी काही २०२० मधल्या पीएचपी ८ मधून. त्यांच्या भरवशावर लिहिलेला कोड नव्या सर्व्हरवर पहिल्याच फटक्याला मरतो. दोष सर्व्हरचा नसतो. थीम टाकून द्यावी हे उत्तम.

पाचशे क्रमांकाचा एरर हा सगळ्यात घुमा. त्यामागे दोन कारणं नेहमीची. एक म्हणजे एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये कुठून तरी उचलून चिकटवलेल्या पीएचपीच्या सेटिंगच्या ओळी. पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच त्या चालतात, आणि आजच्या शेअर्ड होस्टिंगवर ते बहुधा तसं चालत नाही. दुसरं कारण परवानग्यांचं. 'चालत नाहीये ना, मग ७७७ कर' हा सल्ला इतका फिरलाय की तो औषधच वाटतो. ७७७ म्हणजे कुणीही यावं आणि फाइलीत लिहून जावं. असल्या फाइली चालवायला बरेच सर्व्हर मुद्दाम नकार देतात, म्हणजे ज्या उपायाने एरर जायचा त्यानेच तो येतो. फोल्डरला ७५५, फाइलींना ६४४, बस्स.

आता पांढरा पडदा. एररही नाही, काहीच नाही. चालू साइटवर चुकांचा तपशील पाहुण्यांना दिसू नये म्हणून होस्टिंगवर तो मुद्दाम झाकलेला असतो. वर्डप्रेसच्या मे २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून बऱ्याचदा कोऱ्या पानाऐवजी 'गंभीर एरर' असं मोघम वाक्य येतं. तपशील लॉगमध्ये असतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग हे दोन्ही 'ट्रू' करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले 'फॉल्स' ठेवा, पान पुन्हा उघडा. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये डीबग.लॉग तयार होईल. ती फाइल पत्ता माहीत असलेल्या कुणालाही ब्राउझरमधून वाचता येऊ शकते, म्हणून काम झालं की डीबग बंद करून ती पुसायची.

लॉगमधली लांबलचक ओळ पाहून घाबरायचं कारण नाही. त्यात काय झालं, कुठल्या फाइलीत आणि कितव्या ओळीवर, एवढंच असतं. १३४२१७७२८ बाइट संपल्याची तक्रार असेल तर तो अगडबंब आकडा म्हणजे नेमके १२८ एमबी. मेमरीची मर्यादा वाढवायची. एखादी फाइल सापडत नाही असं म्हणत असेल तर एफटीपीने चढवताना ती गळली. हजारो सुट्या फाइली चढवण्यापेक्षा झिप चढवून तिथेच उघडावी असं गेल्या भागात म्हटलं ते याचसाठी. आणि वाक्यरचनेची चूक २४ व्या ओळीवर दाखवली, तर २३ वी ओळही तपासा. राहिलेला अर्धविराम आदल्या ओळीवर असतो आणि पीएचपी अडखळतं पुढच्या ओळीवर.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डेटाबेसच्या टेबलावर. कॉन्फिग फाइलीत चारच गोष्टी भरायच्या असतात : डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट. पण सीपॅनेलमध्ये तुम्ही 'ग्रंथालय' अशा नावाने डेटाबेस केला तर त्याच्याआधी तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोअर आपोआप लागतो. युजरचंही तसंच. फाइलीत ते पूर्ण नाव हवं. शिवाय डेटाबेस तयार केला, युजर तयार केला, म्हणजे काम संपलं असं नाही. त्या युजरला त्या डेटाबेसवर हक्क देण्याची तिसरी पायरी वेगळी आहे, आणि तीच राहते.

इथे वर्डप्रेस दोन वेगळे एरर देतं आणि लोक दोन्हींना एकच समजतात. पहिला म्हणतो, संपर्कच झाला नाही. म्हणजे होस्ट, युजर किंवा पासवर्ड चुकलाय, नाहीतर डेटाबेस सर्व्हरच बंद आहे. दुसरा म्हणतो, डेटाबेस निवडता येत नाही. त्याच्याखाली स्वच्छ लिहिलेलं असतं की युजर आणि पासवर्ड बरोबर आहेत. तरीही माणूस तासभर पासवर्डच बदलत बसतो! हा दुसरा एरर आला की नाव आणि हक्क, एवढंच तपासा.

पासवर्डचाच घोळ असेल तर तो बहुधा नकलेतला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून उचलताना मागे एक जागा चिकटते, किंवा सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात आणि पीएचपीला ती ओळखता येत नाहीत. पासवर्ड एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा. दुहेरीत डॉलरचं चिन्ह आलं की पीएचपी पुढच्या अक्षरांना व्हेरिएबल समजतं. होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही होस्टिंगवर डेटाबेस वेगळ्या मशीनवर असतो आणि त्याचा पत्ता कंट्रोल पॅनेलमध्ये दिलेला असतो.

मराठी साइटवाल्यांनी अक्षरांच्या साठवणीकडेही बघावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, बहुतेक इमोजी चार. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातं, म्हणून त्यात मराठी बसायची आणि इमोजी नाही. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मधल्या ४.२ आवृत्तीत चार बाइटांचं 'यूटीएफ८एमबी४' घेतलं. जुन्या सर्व्हरवर मात्र इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ अक्षरं गुणिले तीन म्हणजे ७६५, निभावतं. गुणिले चार म्हणजे १०२०, निभावत नाही. 'की फार लांब आहे' या एररचं मूळ हे, आणि वर्डप्रेसच्या कोडात दिसणारा १९१ हा विचित्र आकडाही याच गणितातून आलाय. डेटाबेस लॅटिन१ मध्ये असेल तर मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात आणि तशी साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून इन्स्टॉल झाल्या झाल्या एक मराठी मथळा जतन करून तो नीट परत येतो का ते पाहा.

मुखपृष्ठ उघडतं पण आतली पानं ४०४ देतात? सेटिंग्जमधल्या परमालिंक्सवर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

एवढं करूनही नाही जमलं तर होस्टिंगवाल्यांना लिहा, पण 'साइट चालत नाही' असं लिहू नका. पत्ता, वेळ आणि लॉगमधली ती एक ओळ द्या. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर चालतं. तुमचे रात्रीचे साडेनऊ तिथे दुपारचे चार असतात, तेव्हा लॉगमध्ये शोधताना साडेपाच तास वजा करा.

आणि थकून उद्यावर ढकलायचं असेल, तर अर्धवट इन्स्टॉल उघडं टाकून झोपू नका. पहिल्या सेटअपचा तो फॉर्म जगात कुणालाही भरता येतो. एखादा त्यात स्वतःच्या डेटाबेसची माहिती टाकून तुमच्या साइटचा अ‍ॅडमिन होतो आणि मग तुमच्या खात्यावर त्याला हवा तो कोड चालवतो. नव्या डोमेनला मिळालेल्या एसएसएल प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक यादीत होते, त्यामुळे तुमचा पत्ता कुणाला माहीत नाही असं समजू नका. कंट्रोल पॅनेलमधून त्या फोल्डरला पासवर्ड लावा आणि मग खुशाल झोपा. पुढच्या भागात बॅकअप.