उलटा का करायचा?

एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वीतभर वायर. होल्डर नाही, दुसरी वायर नाही, चिकटपट्टीही नाही. एवढ्यावर बल्ब पेटवायचा. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे हे काम ठेवलं, की आधी हशा पिकतो. ‘मॅडम, हे तर पोरांचं काम,’ असं कुणीतरी म्हणतंच. तालुक्याच्या गावात शिक्षकांचं प्रशिक्षण चाललेल्या एका सभागृहातही तसंच झालं. सतरंज्यांवर चाळीसेक शिक्षक गटागटाने बसलेले, दारावर मागच्या निवडणुकीतला मतदान केंद्राचा कागद अजून चिकटलेला. सुलभक मॅडमनी साहित्य वाटलं आणि मग त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

थोड्या वेळाने हसू ओसरलं. बहुतेकांनी वायरचं एक टोक सेलच्या बटणाला लावलं, दुसऱ्यावर बल्बचं बूड टेकवलं. काही झालं नाही. ‘सेल उतरलाय,’ असं निदान झालं. सेल बदलून दिला. तरी नाही. एका गटाने वायरची दोन्ही टोकं सेलच्या दोन बाजूंना दाबून धरली आणि बल्ब बटणावर उभा केला. बल्ब ढिम्मच, वायर मात्र अशी तापली की सरांनी ती सोडून बोट फुंकलं. शेजारच्या गटातून कुणीतरी डोकावून पाहू लागलं, तर त्यांना ‘कॉपी नको’ म्हणून दटावलं गेलं. एरवी हे वाक्य याच मंडळींच्या तोंडी असतं.

शेवटी एका बाईंनी वायर खाली ठेवली आणि बल्ब उजेडाकडे धरून नुसता पाहिला. आत तारेला धरून उभ्या असलेल्या दोन काड्या. त्या खाली कुठे जातात? मॅडमकडे याचसाठी एक फोडलेला बल्ब होता. तो हातोहात फिरला. एक काडी बुडाच्या टिकलीला जोडलेली, दुसरी बाजूच्या धातूच्या टोपणाला, आणि दोघांच्या मध्ये वीज जाऊ न देणारा थर. म्हणजे बल्बला दोन दारं आहेत, आणि दुसरं दार बुडाला नाही, कडेला आहे. बुडाची टिकली सेलच्या बटणावर, वायर सेलच्या तळापासून बल्बच्या कडेला, आणि बल्ब पेटला. मग त्या गटाने केलेला आरडाओरडा ऐकून बाहेर चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूससुद्धा आत येऊन गेला. पुढचा प्रश्न होता, आणखी किती प्रकारे पेटेल? सेलची बाजू बदलून, बल्बचं दार बदलून एकूण चार जोडण्या फळ्यावर आल्या.

यातली खोच होल्डरमध्ये आहे. पुस्तकातल्या चित्रात बल्ब होल्डरमध्ये असतो, किटमध्येही तसाच असतो. होल्डर त्या दोन्ही जोडण्या पोटात घेतो आणि बाहेर दोन व्यवस्थित स्क्रू देतो. ‘परिपथ पूर्ण झाला की दिवा लागतो’ हे वाक्य वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. तो परिपथ बल्बच्या आतून नेमका कुठून जातो, हे पाहायची वेळच कुणावर येत नाही. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, की अमेरिकेत १९९७ च्या एका माहितीपटात एमआयटीच्या पदवीधरांना, अंगात पदवीदानाचा झगा असताना, हेच काम दिलं होतं आणि त्यातले भलेभले अडकले होते. हे ऐकून सभागृहातले खांदे सैल झालेले दिसले. (हे बल्ब आता सहज मिळत नाहीत. दुकानदार एलईडी पुढे करतो. पांढरा एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाही आणि टोकं उलटी लावली तर मुळीच पेटत नाही. धडा तोच राहिला आणि बाजार बदलला, असं काही वर्षांत होणार आहे.)

जेवणानंतरचं सत्र गणिताचं. दुपारी दोन वाजता अपूर्णांक म्हणजे सुलभकाची सत्त्वपरीक्षाच. फळ्यावर एकच उदाहरण: १ ३/४ ÷ १/२. ते अर्ध्या मिनिटात सगळ्यांचं झालं. सात-चतुर्थांश, भागिलेचं गुणिले, दुसरा उलटा, सात-द्वितीयांश, म्हणजे साडेतीन. ‘छान,’ मॅडम म्हणाल्या, ‘आता याचं शाब्दिक उदाहरण लिहा. उत्तर साडेतीनच आलं पाहिजे.’

कागद गोळा करून वाचायला सुरुवात झाली. पावणेदोन भाकरी दोघा भावांत वाटल्या. पावणेदोन एकर रानातल्या निम्म्यात ज्वारी पेरली. दोन्हींचं उत्तर सात-अष्टमांश. अर्ध्याने भागायचं म्हटलं की हात आपोआप निम्मं करायला जातो, आणि ते इतकं सहज होतं की आपण दोनाने भागलंय हे ध्यानातच येत नाही. उदाहरण सोडवताना चूक झाली नव्हती, कारण तिथे नियम सांभाळून घेत होता. नियम काढून घेतल्यावर खाली काय आहे ते दिसलं.

कोंडी फोडली ती निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी. त्यांच्या पिढीची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ, औटकीसुद्धा. ते मनाशी पुटपुटत होते. मग म्हणाले, ‘निमकीत साडेतीनला पावणेदोन येतात. म्हणजे किती अर्धे मिळून पावणेदोन होतात, एवढंच विचारलंय की हो!’ पाढा गुणाकाराचा होता, त्यांनी तो मागून वाचला.

तिथून गाडी दुधावर आली, कारण निम्म्या शिक्षकांच्या घरी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या, किती भरतील? तीन भरतील आणि पाव लिटर उरेल. मग उत्तर सव्वातीन की साडेतीन? यावर जो वाद झाला तो त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा होता. एक बाजू म्हणे, उरलंय पाव, तर साडे कुठून आलं? उरलेलं पाव हे लिटरमध्ये आहे आणि उत्तर पिशव्यांत मागितलंय. पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. हे कळायला काहींना चित्र काढावं लागलं, काहींनी पाण्याच्या बाटल्या पुढे ओढल्या. एक तरुण शिक्षिका म्हणाल्या, ‘माझ्या वर्गात तीन-चार मुलं सव्वातीनच लिहितात. मला वाटायचं आकडेमोड चुकली.’ मुलांनी दूध बरोबर मोजलं होतं. उरलेलं कशाच्या मापात सांगायचं, तिथे ती घसरली होती. फुली मारून पुढे गेलं तर या दोन चुकांतला फरक वहीत कधीच दिसत नाही.

मग मुख्य प्रश्न. उलटा का करायचा? कागदाच्या पट्ट्या आल्या. एक पट्टी म्हणजे एक लिटर, घडी घालून तीन भाग केले. दोन-तृतीयांश लिटरचं माप यात किती वेळा बसतं? एकदा पूर्ण बसलं, उरला एक भाग, तो मापाचा निम्मा. म्हणजे दीड वेळा. तीन-द्वितीयांश. पट्टी हातात तशीच धरून एक सर उभे राहिले: ‘म्हणजे उलटा केलेला अपूर्णांक हा एका लिटरात किती मापं मावतात त्याचा आकडा आहे. मग दूध जितके लिटर, तितक्याने त्याला गुणायचं.’ त्यांनी हे पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, सांगितलं. सव्वीस वर्षं शिकवताहेत, हे त्यांनी नंतर जिन्यात सांगितलं.

पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण काही आपल्याकडचं नाही. ते आलं लिपिंग मा या गणित शिक्षणाच्या संशोधिकेकडून. त्या मूळच्या शांघायच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांची रवानगी खेड्यात झाली आणि तिथे त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. पुढे अमेरिकेत संशोधन करताना त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी शिक्षकांची उत्तरं ताडून पाहिली. दोघांनाही हेच गणित सोडवायला आणि त्याची गोष्ट लिहायला सांगितलं होतं. १९९९ साली त्यांचं पुस्तक आलं आणि गणित शिक्षणाच्या जगात खळबळ उडाली. अमेरिकी शिक्षकांपैकी एकालाच गणिताच्या अर्थाने बरोबर गोष्ट लिहिता आली होती. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांना आली. शालेय शिक्षणाची वर्षं मोजली तर चिनी शिक्षक मागे होते. त्यांच्याकडे होतं ते वेगळंच: पाठ्यपुस्तक बारकाईने वाचायची सवय, आणि एकाच विषयाच्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून ‘हा धडा असा का मांडलाय’ यावर बोलायची रीत. शिकवता शिकवता त्यांचं गणित पक्कं होत गेलं होतं.

आपल्याकडे शिक्षकांच्या शिकण्याला प्रशिक्षण म्हणतात आणि ते वरून येतं. राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, मग केंद्रस्तर. वर पाच दिवस चाललेलं खाली दोन दिवसांचं होतं आणि शेवटी एका दुपारचं. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी जसं पाणी ओळखतो, तसं केंद्रशाळेतल्या शिक्षकाला प्रशिक्षण ओळखू येतं. तिथे पोचतात त्या पीपीटी आणि घटकसंच. सव्वातीन की साडेतीन हा वाद पोचत नाही, कारण वाद स्लाइडवर बसत नाही. तो घालायला तास-दीड तास लागतो आणि आपल्यालाही अडायला होईल ही तयारी असलेला सुलभक लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. आकडा वाईट नाही. पण दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ पुढे सरकत असताना चपात्या लाटणाऱ्या बाई आणि पट्टीच्या घड्या घालणारे ते सर, दोघांचे तास हिशेबात सारखेच धरले जातात. बाईंचा यात दोष नाही. दिवसभर शाळा, मग ऑनलाइन माहिती भरणं, मग घर, आणि त्यावर प्रमाणपत्राची शेवटची तारीख.

एवढा वेळ देणं जमतं का? एकेकाळी जमवून दाखवलेलं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ सरकारी शाळांत, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे एकलव्य संस्थेने तो चालवला. मुलांनी प्रयोग करून शिकायचं, परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं. त्यासाठी शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे राहायला येत आणि मुलांची पुस्तकं स्वतः विद्यार्थी होऊन पूर्ण करत. नंतर वर्षभर मासिक बैठका, अडलेलं तिथे मांडायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक या शिक्षकांसोबत जमिनीवर बसत. पुण्यात टेल्कोमध्ये असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करायची युक्ती त्यांना तिथेच सुचली. आज ती आपल्याकडे शाळाशाळांत दिसते. आपल्याकडे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात प्राथमिक शिक्षकांबरोबर काम केलं. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. तीस वर्षं मात्र सरकारी शाळांतल्या साध्या शिक्षकांनी तो चालवला होता.

परतताना मी त्या तरुण शिक्षिकेला विचारलं, यातलं टिकणार किती? त्यांनी सरळ सांगितलं, की एकट्याने काही टिकत नाही. म्हणून त्यांनी आणि आणखी काहींनी व्हॉट्सॲपवर गट केला. शुभ सकाळ आणि परिपत्रकं यांना मज्जाव. टाकायचा तो मुलांच्या वहीचा फोटो. काही दिवसांनी त्यांनी मलाही त्यात घेतलं, न बोलण्याच्या अटीवर.

एका रात्री तिथे सहावीतल्या मुलीचं पान आलं. ३/४ ÷ १/२. तिने उलटा काहीच केला नव्हता. तीन भागिले एक, तीन. चार भागिले दोन, दोन. उत्तर ३/२. बरोबर. खाली प्रश्न: ‘टिक द्यायची की फुली?’

पहिलं उत्तर आलं: योगायोग आहे, पद्धत चूक. दुसऱ्या सरांनी ६/८ ÷ २/४ करून पाहिलं, तेही बरोबर आलं. मग कुणीतरी २/३ ÷ ३/४ टाकलं, ‘आता भागा बघू, दोनाला तीनाने,’ अशा आव्हानासकट. बराच वेळ शांतता. साडेदहाला एका बाईंनी कागदाचा फोटो पाठवला: दोन्हींचे छेद सारखे केले, ८/१२ ÷ ९/१२, छेदाला छेदाने भागलं की एक, अंशाला अंशाने भागलं की आठ-नवमांश. उलटा करूनही आठ-नवमांशच येतं. म्हणजे ही पद्धत नेहमीच चालते, फक्त कधीकधी अडचणीची होते. यावर ते निमकीवाले गुरुजी म्हणाले, बाराव्या भागाला माप धरलं तर आठ मापांत नऊ मापं किती वेळा, एवढाच प्रश्न उरतो, दूधच आहे हे. ‘योगायोग’ म्हणणाऱ्या सरांनी आपला संदेश पुसून टाकला, पण तो वाचून कुणीतरी आधीच त्यावर हसलं होतं.

मुलीला टिक मिळाली. तिने ही पद्धत कुठून काढली हे मात्र तिच्या बाई सोमवारी विचारणार होत्या, आणि विचारताना आपण शिकवलं नव्हतं याचा राग आवाजात येऊ द्यायचा नाही, असं गटाने त्यांना बजावलं होतं.