मालदीवचं पुरातत्त्व कसं उभं राहतं?

मालदीवची सुमारे १२०० बेटं एकत्र केली, तरी जमीन भरते मुंबईच्या जेमतेम निम्मी. बाराव्या शतकात इथल्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याआधीच्या बौद्ध काळाचे अवशेष बेटोबेटी वाळूखाली आहेत. एवढ्या लहान देशाला स्वतःचं पुरातत्त्व उभं करायला काय काय लागतं?

पहिलं काम नोंदीचं. सिलोनच्या पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेल्या एच. सी. पी. बेल यांनी १९२० आणि १९२२ मध्ये हे अवशेष तपासले. नोंदीची घाई अशासाठी, की बेटांवर पोवळ्याखेरीज दगड मिळत नाही. स्तूपांचे चिरे काढून लोक नव्या बांधकामाला वापरत आले.

मग उत्खनन. १९९६ ते १९९८ दरम्यान नॉर्वेच्या एगिल मिकेलसन यांनी काशिधू बेटावर बौद्ध मठ उकरून काढला. तिथे हजारो कवड्या सापडल्या. मालदीवची कवडी तेव्हा दूरदूरच्या बाजारांत नाणं म्हणून चाले. पण पाहुण्यांची मोहीम मोसमापुरती असते. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. म्हणून उत्खननाच्या वह्या, नकाशे आणि नमुने देशातच हाताशी असावे लागतात.

कालमापनाची अडचण वेगळीच. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे कार्बन-१४ चाचणीत कवडी किंवा पोवळं साधारण ४०० वर्षांनी जास्त जुनं दिसतं. हा फरक समुद्रागणिक बदलतो. शिवाय पोवळ्याचं वय म्हणजे इमारतीचं वय नव्हे. त्यामुळे त्याच थरातला कोळसा शोधावा लागतो.

सगळ्यांत अवघड जतन. फेब्रुवारी २०१२ मध्ये जमावाने माले इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात घुसून इस्लामपूर्व मूर्ती फोडल्या. एकाच इमारतीत देशाचा ठेवा असला, की एका दिवसात केवढं जातं ते तेव्हा दिसलं. मोजमापं आणि छायाचित्रं आधीच घेतलेली असतील, तर वस्तू गेल्यावरही अभ्यास उरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या मालदीव वारसा सर्वेक्षणाने म्हणूनच डिजिटल नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या.

पाच लाखांच्या देशात पुरातत्त्वज्ञांच्या नोकऱ्या थोड्याच असणार. तरीही मोहिमेला परवाना देताना स्थानिक तरुणांचं प्रशिक्षण आणि अहवालाची धिवेही या स्थानिक भाषेतली प्रत या दोन अटी घालता येतात. बेटावरच्या शाळेत तो अहवाल वाचला जाऊ लागला, की चिरा उचलणाऱ्याला अडवणारं माणूस गावातच तयार होतं.