पेशा बदलून शिक्षक होताना

पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या किंवा वणीच्या कोळसा खाणीच्या दफ्तरात कारकुनी करणाऱ्या पदवीधराला तिशी उलटल्यावर शिक्षकी पेशाची ओढ लागली, तर आधी नेमणूक आणि मागाहून प्रशिक्षण अशी परदेशांत रूढ असलेली सोय येथे नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. तसा अपवाद घडला तो लहान वाड्यावस्त्यांवर चालणाऱ्या वस्तीशाळांचा. तेथील स्वयंसेवकांनी आधी खडू हाती घेतला, डी.एड. नंतर केले आणि २०१४ मध्ये शासनाने त्यांना शिक्षक म्हणून सामावून घेतले.

मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.चा दरवाजाही आधीच अध्यापन-प्रशिक्षण घेतलेल्यांपुरता उघडा असल्यामुळे, नवख्याला सामाईक प्रवेश परीक्षा देऊन नियमित वर्गातच बसावे लागते, आणि पाठ टाचण बगलेत मारून शाळेत काढावयाचे वीस आठवडे रजेवाचून निभत नाहीत. शिवाय ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तेथे डी.एल.एड.च (पूर्वीचे डी.एड.) लागते. पुढे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा (१५० पैकी खुल्या प्रवर्गास ९० गुण), मग अभियोग्यता चाचणी व शिक्षकभरतीचे 'पवित्र' पोर्टल. आणि एवढे करून प्राथमिकला तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा १६,००० रुपये मानधन, जे संसारी माणसाला तुटपुंजेच म्हणावे लागेल.

केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव येथील अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी या भरतीतील आरक्षणाचे नियम निराळे आहेत. राजीनामा देण्यापूर्वी ते आणि वयाची अट अवश्य तपासावी.