उसाच्या जमिनीत भाजी लावायची तर

आपल्या पूर्वजांनी पै-पै साठवून घेतलेले एक-दोन आर्पां आज कित्येक घरांत गवताखाली पडून आहेत. युरोपने २००६ पासून चार वर्षांत साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, २०१७ साली तिथले कोटेही संपले, आणि लहान शेतकऱ्याला ऊस परवडेनासा झाला. तरुण मंडळी म्हणतात, लहान ट्रॅक्टर भाड्याने आणू, रोटाव्हेटर फिरवू, पोम दामूर आणि कोबी लावू. विचार उत्तम आहे. पण मॉरिशसची माती रोटाव्हेटरचे लाड करीत नाही.

पहिली अडचण दगडांची. आपले बेट ज्वालामुखीतून झालेले. उसाच्या शेतांत उभे असलेले काळ्या दगडांचे ढीग मजुरांनी हातांनी रचलेले आहेत. ते ढीग उभे आहेत म्हणून खालची जमीन स्वच्छ असे समजू नये. आधी पहार घेऊन शेतभर खुपसून पाहावे. वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मोठ्या दगडावर आपटला की पाती वाकतात. फार दगड असतील तर त्या तुकड्यात कलबास आणि जिरोमोंचे वेल सोडावेत. त्यांना आळी खणून भागते.

जुन्या उसाची बुडखी रोटाव्हेटरने निघत नाहीत. ती नांगराने उलथावी आणि उन्हात वाळू द्यावी. हरळी व लव्हाळा यांचेही तसेच. रोटाव्हेटर हरळीचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. म्हणून मुळ्या व गाठी आधी दाताळ्याने वेचून काढाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, घरची सगळी माणसे लागतात. पण ते टाळले तर पुढे वर्षभर खुरपणी आहेच.

आता वाफशाविषयी. हा शब्द आपल्या घरांतून हरवत चालला आहे. जमीन ना चिखल ना दगड, अशा ओलीला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर ट्रॅक्टर आत घ्यावा. बोटाला चिकटली तर थांबावे. वाकोआच्या बाजूला पठारावर पाऊस फार, तिथे हा थांबा लांबतो; काळ्या नदीच्या कोरड्या बाजूला उलट पाणी देऊन ओल आणावी लागते. ओल्या मातीत चाके फिरली की खाली कठीण थर बसतो, मग गाजर वाकडे होते.

रोटाव्हेटर दोनदा पुरे, पंधरा सेंटिमीटर खोल. पहिल्यानंतर दोन आठवडे थांबावे, तण उगवू द्यावे. दुसऱ्या फेरीत ते उथळ मारावे आणि कुजलेले शेणखत मिसळावे. मैद्यासारखी माती पाहायला छान दिसते, पण एका पावसात तिची खपली धरते आणि बी वर येत नाही. पठारावरची माती बहुधा आंबट असते. तपासून घेऊन चुना घालावा, तोही लावणीच्या काही आठवडे आधी.

उतारावर तास आडवे काढावेत आणि मध्ये गवताचे पट्टे राखावेत. जानेवारी-फेब्रुवारीत, वादळांच्या दिवसांत, सगळे रान उघडे करू नये. पावसाने वाहिलेली लाल माती थेट समुद्रात जाते. हिवाळी भाजीसाठी नांगरट एप्रिल-मे महिन्यांत करावी आणि ट्रॅक्टरवाल्याला त्याआधीच सांगून ठेवावे, कारण त्या दिवसांत सगळ्यांनाच तो हवा असतो.