नेवाळकर घराणे

नेवाळकर घराणे हे मराठेशाहीच्या काळात खानदेशातील पारोळा (सध्याचा जळगाव जिल्हा) येथील जहागीर आणि बुंदेलखंडातील झाशीचा कारभार सांभाळणारे मराठी सरदार घराणे होते. झाशीचे अखेरचे राजे गंगाधरराव आणि त्यांच्या पत्नी राणी लक्ष्मीबाई यांच्यामुळे हे घराणे सर्वपरिचित झाले. झाशीचे राज्य १८५४ मध्ये दत्तकविधान नामंजूर झाल्याने गेले, तर पारोळ्याची जहागीर १८५७ च्या उठावानंतर जप्त झाली. त्यामुळे अवघ्या काही वर्षांत घराण्याच्या दोन्ही शाखांची सत्ता संपुष्टात आली.

मूळ आणि खानदेशातील आगमन

नेवाळकर हे कऱ्हाडे ब्राह्मण होत. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातले कोट हे त्यांचे मूळ गाव मानले जाते. पेशवाईच्या उत्कर्षकाळात कोकणातील अनेक कुटुंबे घाटावर येऊन लष्करी व मुलकी सेवेत शिरली. नेवाळकर त्यांपैकीच एक होते. घराण्यातील मंडळी पेशव्यांच्या सेवेत खानदेशात आली आणि पारोळा हे त्यांचे ठाणे बनले. पुढे एक शाखा झाशीला गेली, तरी पारोळ्याच्या भाऊबंदांशी तिचा संबंध तुटला नाही. पारोळ्याच्या जहागीरदारांना खानदेशात 'झाशीवाले' म्हटले जाई आणि झाशीत पारोळ्याकडील भाऊबंदांना 'पारोळेवाले' म्हणून ओळखले जाई.

पारोळ्याची जहागीर व किल्ला

पारोळ्याच्या भरभराटीचे श्रेय जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांना दिले जाते. त्यांनी सुमारे ५० घरांच्या खेड्याचे तटबंदीयुक्त शहरात रूपांतर केले आणि १७२७ मध्ये तेथे भुईकोट किल्ला बांधला, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. या प्रकारच्या बांधकामांपैकी जिल्ह्यातील उत्तम वास्तू म्हणून गॅझेटियरने या किल्ल्याचा गौरव केला आहे.

किल्ला सपाट जमिनीवर असल्याने डोंगरी किल्ल्याला मिळणारे नैसर्गिक संरक्षण त्याला नव्हते. ही उणीव खंदक, भक्कम तट व बुरूज यांनी भरून काढली होती. प्रवेशद्वाराशी काढता पूल होता आणि दोन्ही बाजूंस भरीव गोल बुरूज होते. तटाच्या आत बालेकिल्ला होता. जहागीरदाराचा निवास, शिबंदीचा तळ आणि आसपासच्या गावांच्या वसुलीचे केंद्र असे तिहेरी काम अशा भुईकोटाला करावे लागे. धुळे आणि जळगाव यांच्या दरम्यानच्या वाटेवरील पारोळा व्यापारी पेठ म्हणून वाढले, त्यामागे या संरक्षणाचा वाटा होता.

झाशीची शाखा

झाशीचा किल्ला ओडछ्याच्या बुंदेल्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. अठराव्या शतकात तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि पेशव्यांचे सुभेदार तेथून कारभार पाहू लागले. नारोशंकर यांच्या कारकिर्दीत झाशी शहराची वाढ झाली. १७७० च्या सुमारास हरिपंत नेवाळकर यांचे पुत्र रघुनाथ हरी यांची सुभेदारीवर नेमणूक झाली. त्यांनी सुमारे पाव शतक कारभार केला, महसूल वाढवला आणि महालक्ष्मीचे व रघुनाथाचे मंदिर बांधले. त्यांच्यानंतर त्यांचे बंधू शिवराव भाऊ सुभेदार झाले. सुभेदारी ही मुळात पेशव्यांनी दिलेली चाकरी होती; परंतु भावाकडून भावाकडे आणि पुढे नातवाकडे जाता जाता तिला वंशपरंपरागत सत्तेचे रूप आले.

शिवराव भाऊंनी १८०४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यांचे थोरले पुत्र कृष्णराव त्यांच्या हयातीतच वारले होते. म्हणून शिवरावांनंतर कृष्णरावांचे अल्पवयीन पुत्र रामचंद्रराव गादीवर आले. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीला दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने रामचंद्ररावांशी तह करून त्यांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना झाशीचे वंशपरंपरागत सत्ताधीश म्हणून मान्यता दिली. १८३२ मध्ये लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी त्यांना 'राजा' ही पदवी दिली.

झाशीतील उत्तराधिकाराचा क्रम पुढीलप्रमाणे होता :
• रघुनाथ हरी – सुभेदार
• शिवराव भाऊ – रघुनाथ हरी यांचे बंधू
• रामचंद्रराव – शिवराव भाऊंचे नातू, मृत्यू १८३५
• रघुनाथराव – शिवराव भाऊंचे पुत्र व रामचंद्ररावांचे चुलते, मृत्यू १८३८
• गंगाधरराव – शिवराव भाऊंचे धाकटे पुत्र, मृत्यू १८५३

वारसाहक्काचा पहिला पेच

रामचंद्रराव १८३५ मध्ये निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी कृष्णराव नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचा दावा करण्यात आला. कंपनी सरकारने तो अमान्य केला आणि शिवराव भाऊंचे पुत्र या नात्याने रघुनाथरावांना गादी दिली. तेही १८३८ मध्ये वारले. त्या वेळी अनेक दावेदार पुढे आले. चौकशीनंतर कंपनीने गंगाधररावांचा हक्क मान्य केला. मात्र राज्याची आर्थिक स्थिती खालावल्याने काही वर्षे कारभार आपल्या हाती ठेवला. १८४२ च्या सुमारास ठरावीक मुलूख तोडून घेऊन उर्वरित राज्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. हे प्रकरण त्या वेळी घराण्याच्या बाजूने मिटले. परंतु १८३५ चा निर्णय पुढे घराण्याविरुद्ध दाखला म्हणून वापरला गेला.

गंगाधररावांचे दत्तकविधान

गंगाधररावांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले होते. १८४२ मध्ये त्यांचा विवाह मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. गंगाधरराव नाटकांचे शौकीन होते. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात तत्कालीन झाशीचे वर्णन आहे. या दांपत्याला १८५१ मध्ये पुत्र झाला, पण तो काही महिन्यांतच दगावला.

नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव गंभीर आजारी पडले. त्यांनी भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकर यांचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा आनंदराव याला २० नोव्हेंबर रोजी शास्त्रोक्त विधीने दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस हे ब्रिटिश अधिकारी त्या प्रसंगी उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधररावांचे निधन झाले.

१८१७ च्या तहातील 'वारस' या शब्दात दत्तक पुत्राचा समावेश होतो की नाही, यावर आता झाशीचे भवितव्य अवलंबून होते. धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्राला औरस पुत्राचे अधिकार मिळतात, अशी राणीची भूमिका होती. शेजारच्या ओडछा संस्थानात दत्तकविधान मान्य झाल्याचे एलिस यांनी निदर्शनास आणले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी मात्र वेगळा युक्तिवाद केला. झाशी हे मुळात स्वतंत्र राज्य नसून पेशव्यांच्या सुभेदाराला दिलेली सत्ता आहे. पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले असल्याने दत्तक मंजूर करणे वा न करणे हा कंपनीचा अधिकार आहे, असे त्यांनी मांडले आणि १८३५ च्या निर्णयाचा आधार घेतला. मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीला दरमहा ५,००० रुपयांचा तनखा देऊ करण्यात आला.

या निर्णयातील विसंगती लक्षणीय आहे. गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेपुरता दामोदररावांचा दत्तकहक्क सरकारने मान्य केला आणि त्यांच्या नावे सुमारे सहा लाख रुपये अनामत ठेवले. त्यामुळे दामोदरराव कायद्याने गंगाधररावांच्या संपत्तीचे वारस ठरले, पण राज्याचे ठरले नाहीत.

सदाशिवराव 'पारोळेवाले'

जून १८५७ मध्ये झाशीतील फौजेने उठाव केला आणि कंपनीची सत्ता तात्पुरती नाहीशी झाली. त्याच महिन्यात गादीवर आपला हक्क सांगणारे पारोळ्याच्या शाखेचे सदाशिवराव नारायण यांनी झाशीजवळील करेरा किल्ला घेतला आणि स्वतःस झाशीचे महाराज म्हणून घोषित केले. राणीने त्यांच्यावर फौज पाठवली. सदाशिवराव नरवरकडे गेले. पुन्हा चढाईचा प्रयत्न केल्यावर त्यांना पकडून झाशीत कैदेत ठेवण्यात आले. अशा रीतीने इंग्रजांशी संघर्ष पेटण्यापूर्वी राणीला प्रथम पतीच्या भाऊबंदांशीच लढावे लागले. सदाशिवराव रक्ताच्या नात्यावर हक्क सांगत होते, तर राणी दत्तक पुत्राच्या वतीने राज्य करत होती.

दामोदररावांचे पुढील जीवन

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशी घेतली. राणी दामोदररावांसह किल्ल्याबाहेर पडली. मोरोपंत तांबे यांना फाशी देण्यात आले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणीला वीरमरण आले. त्यानंतर विश्वासू अनुयायांनी बाल दामोदररावांना सांभाळले. सुमारे दोन वर्षे त्यांनी रानावनात व परमुलखात हालअपेष्टांत काढली. १८६० मध्ये त्यांना इंदूरला आणण्यात आले. त्यांना वार्षिक १०,००० रुपयांचा तनखा मिळाला. अनामत रक्कम मात्र परत मिळाली नाही. या भटकंतीची त्यांच्या नावे सांगितली जाणारी हकीकत य. न. केळकर यांनी 'इतिहासाच्या सहली' या पुस्तकात प्रसिद्ध केली. दामोदररावांचे १९०६ मध्ये इंदूर येथे निधन झाले. त्यांचे पुत्र लक्ष्मणराव यांच्यापासून वंश पुढे चालू राहिला.

पारोळ्याची जप्ती

पारोळ्याच्या जहागीरदारांवरही उठावात सरकारविरोधी वर्तनाचा ठपका ठेवण्यात आला. त्यांची जहागीर जप्त झाली, शहर ब्रिटिश सरकारच्या ताब्यात गेले आणि किल्ल्याची तटबंदी निकामी करण्यात आली. ज्या शाखेतील एका दावेदाराने राणीविरुद्ध शस्त्र उचलले होते, त्या शाखेलाही आपली जहागीर राखता आली नाही.

उठावानंतर ब्रिटिश सरकारने दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा करण्याचे धोरण सोडले. लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकिर्दीत अनेक संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क देणाऱ्या सनदा देण्यात आल्या. नेवाळकरांना त्याचा लाभ झाला नाही. झाशीचे शहर व किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांना देण्यात आला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी तो परत घेतला.

लोकसमजूत व सद्यस्थिती

पारोळा हे राणी लक्ष्मीबाईचे माहेर असल्याचे खानदेशात अनेकदा सांगितले जाते आणि तांबे कुटुंबाचाही या गावाशी संबंध जोडला जातो. परंपरेनुसार राणीचा जन्म काशीस झाला व तिचे बालपण बिठूर येथे गेले. नेवाळकर घराण्याच्या इतिहासाचा विचार करता पारोळ्याशी तिचे नाते प्रामुख्याने सासरकडून येते. पती गंगाधरराव यांचे घराणे याच गावाशी जोडलेले होते.

पारोळ्याचा किल्ला आज शहराच्या गजबजलेल्या भागात असून त्याच्या भोवती बाजारपेठ पसरली आहे. बुरूज, तटाचे भाग, खंदकाच्या खुणा आणि बालेकिल्ल्याचे अवशेष अद्याप पाहता येतात. किल्ल्यातून गावाबाहेरील नागेश्वर मंदिराकडे जाणारे भुयार असल्याची आख्यायिका स्थानिक लोक सांगतात.