एका जहाजाचे चित्र

मुलांनो, तुम्ही कधी ना कधी जहाजाचे चित्र काढले असेलच. उंच डोलकाठी, फुगलेले शीड आणि खाली निळ्या लाटा! फ्रान्समधील नांत या शहराच्या संग्रहालयातही जहाजाचे एक चित्र आहे. ते सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे. जहाजाचे नाव 'मारी-सेराफिक'. चित्र मोठे सुबक आहे. पण जरा जवळून पाहा.

जहाज आतून कसे भरले होते, हे चित्रकाराने मजल्यामजल्याने दाखवले आहे. तळाशी पिंपे रचलेली आहेत. त्यावरच्या मजल्यावर लहान लहान आकृत्या एकमेकींना खेटून ओळीने आडव्या आहेत. ती पोती नव्हेत, माणसे आहेत! १७६९ साली नांतहून निघालेल्या या जहाजाने आफ्रिकेच्या लोआंगो किनाऱ्यावर ३०७ माणसे विकत घेतली. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, तुमच्याएवढी मुलेही होती.

नांतचे व्यापारी आफ्रिकेला कापड, बंदुका आणि दारू नेत व त्यांच्या बदल्यात गुलाम घेत. या कापडात हिंदुस्थानात विणलेले सुती कापडही असे. ते कशासाठी जाते, हे बिचाऱ्या विणकरांना काय ठाऊक! मग जहाज अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटांकडे जाई. तेथे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी गुलामांची विक्री होई. परतताना जहाजात साखर आणि कॉफी भरत. सर्व देशांच्या जहाजांनी मिळून सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अशी नेली. त्यांपैकी सुमारे अठरा लाख वाटेतच मरण पावली.

याच जहाजाचे आणखी एक चित्र आहे. ते १७७३ सालचे, सें-दोमँग येथील विक्रीच्या दिवसाचे आहे. जहाजाच्या एका टोकाला छताखाली पाहुणे खाण्यापिण्यात दंग आहेत. दुसरीकडे गुलाम उभे आहेत आणि गिऱ्हाइके त्यांना पारखून घेत आहेत.

पुढे अठरा वर्षांनी, १७९१ साली, सें-दोमँगच्या गुलामांनी बंड केले. तेरा वर्षे ते लढले. १८०४ साली त्यांनी हैती हा स्वतंत्र देश स्थापन केला. फ्रान्सने मात्र आपल्या इतर वसाहतींतील गुलामगिरी १८४८ साली कायमची बंद केली.

आता पहिल्या चित्राकडे पुन्हा वळू. त्यावर जहाजाच्या मालकाचे नाव लिहिले आहे, कप्तानाचेही लिहिले आहे. माणसांचा फक्त आकडा आहे : ३०७.